पहिल्या तासाचं तापमान

“सबंध तास वर्ग गप्प बसला, बाई. एक शब्द नाही. याचा अर्थ मी काय घ्यायचा?”

रणनवरे बाई ओसरीवर बसून गवार निवडत होत्या. त्यांनी हातातल्या शेंगेची शीर काढली, शेंग मोडली आणि टोपलीत टाकली.

“तू काय घेतलास?”

“अपमान.”

“हं,” बाई म्हणाल्या, आणि पुढची शेंग उचलली.

रविवारची सकाळ होती. माण तालुक्यातल्या त्या गावात आषाढात एक गंमत चालते. ढग येतात, चांगले काळेभोर, भरलेले. नवख्या माणसाला वाटतं, आता कोसळणार. आणि ते गावावरून नुसते पळत सुटतात. पाऊस सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगाला पडून गेलेला असतो, इकडे येतं ते उरलंसुरलं. गावाला त्याचं काही वाटत नाही. वारा फार असतो, म्हणून लोक टोप्या तेवढ्या धरून चालतात.

विचारणारा होता हर्षद कोकरे. खरं तर डॉक्टर हर्षद कोकरे म्हणायला हवं, कारण तो स्वतःची ओळख तशीच करून देतो. आणि का देऊ नये? याच गावचा पोरगा, पुण्याला जाऊन मोसमी वाऱ्यांवर पीएचडी करून आला. मोठमोठ्या परिषदांत बोलला. एका खासगी कंपनीत हवेचे अंदाज बांधायच्या नोकरीला लागला, आणि एक दिवस ती नोकरी सोडून गावी परत आला.

का आला? तर गावच्या कॉलेजात नवा विषय सुरू होणार होता. ‘हवा आणि हवामान : प्राथमिक ओळख’. कला, वाणिज्य, विज्ञान, कुणीही घ्यावा. शिकवायचं तासिका तत्त्वावर, म्हणजे तास असेल तर प्राध्यापक, नाही तर राम राम. तरी आला. येताना चारचौघांत म्हणाला होता, “या तालुक्याला मी ढग वाचायला शिकवणार.”

चारचौघांत बोललेलं अंगाशी येतं, ते असं.

रणनवरे बाई त्याच कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. हर्षद त्यांचाच विद्यार्थी. गावाच्या टोकाला, माळाला लागून त्यांचं घर. तिथे सतत कुणी ना कुणी काहीतरी विचारायला आलेलं असतं, म्हणून लोक त्या घराला ‘बाईंचा मठ’ म्हणतात. बाईंना ते मुळीच आवडत नाही. पण येणाऱ्याला चहा मिळतो, त्यामुळे नाव टिकून आहे.

“कुणी काही बोललं नाही, एवढंच?” बाईंनी विचारलं.

“एवढंच कसं? एक मुलगा खिडकीपाशी बसला होता. सबंध तास बाहेर बघत होता. मी सांगून पडदे ओढायला लावले, तर पठ्ठ्याने पडद्याची कड उचलली आणि पुन्हा बाहेर बघायला लागला. माझ्यादेखत.”

“हं.”

“पहिल्या बाकावर एक मुलगी. माझ्या तोंडासमोर जांभया देत होती. एक नाही, दोन नाही. झाकायचीसुद्धा तसदी नाही.”

“हं.”

“शेवटी शंका विचारा म्हटलं, तर सगळ्यांच्या माना खाली. घंटा झाली तरी कुणी हलेना. नुसते माझ्याकडे बघत बसले. हा कोण प्राणी आणलाय, असं.”

“असं म्हणाले ते?”

“म्हणायला कशाला हवं? कळतं की माणसाला.”

बाईंनी मोडलेल्या शेंगा टोपलीत सारख्या केल्या.

हर्षदला बसवेना. दोन रात्री त्याला धड झोप नव्हती. डोळे चुरचुरत होते. तो उठून ओसरीच्या कडेला गेला, परत आला, पुन्हा बसला.

“उद्या संध्याकाळपर्यंत मुलांना विषय बदलता येतो. वीसच्या खाली आकडा गेला की वर्ग बंद. आणि तो जाणार, बाई. सगळे त्या ‘व्यक्तिमत्त्व विकास’मध्ये जाणार. तिथे पास व्हायला काही करावं लागत नाही.”

“मग?”

“कंपनीतून परवा फोन आला होता. माझी जागा अजून भरलेली नाही. येतोस का म्हणाले. आज सांगायचंय.” तो जरा थांबला. “तुमची परवानगी घ्यायला आलोय.”

“कशाची?”

“जायची.”

“जाणारा परवानगी मागत नाही, हर्षद. तो निरोप घेतो.”

हे त्याला लागलं. पण तो तयारीने आला होता. बाई काय म्हणतील आणि त्यावर आपण काय म्हणायचं, हे सगळं त्याने येताना मोटारसायकलवर घोकलं होतं.

“तुम्ही काय सांगणार ते मला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “एका दिवसाची असते ती हवा. पुष्कळ वर्षांचं मिळून होतं ते हवामान. एका तासावरून वर्ग ठरवू नकोस. हेच ना?”

“नाही.”

“नाही?”

“ते तू परवा मुलांना शिकवलंस ना?”

“शिकवलं.”

“नीट शिकवलंस?”

“उत्तम शिकवलं.”

“मग झालं की. मी कशाला परत सांगू?”

हर्षदजवळ त्या उपदेशाला सुरेख उत्तर तयार होतं. आणि उपदेशच आला नाही. ते उत्तर तसंच तोंडात राहिलं.

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“खाल्लंयस का काही सकाळपासून?”

“भूक नाही.”

“फोडणीची भाकरी करते. तोवर एक काम कर. पेटीतलं तापमान बघून सांग मला. माझा चष्मा सापडत नाहीये.”

“तुमच्या डोक्यावर आहे, बाई.”

“तो लांबचा,” असं म्हणून बाई आत गेल्या.

पेटी म्हणजे अंगणाच्या मधोमध चार पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी. चारी बाजूंना तिरप्या पट्ट्यांच्या झडपा, म्हणजे वारा आत खेळतो पण ऊन शिरत नाही. आत तापमापक टांगलेले. कॉलेजने दुचाक्यांसाठी शेड बांधली तेव्हा ही पेटी भंगारात निघाली होती. बाईंनी ती टेम्पोत घालून घरी आणली, दार उत्तरेकडे करून उभी केली, आणि रोज सकाळी ठरल्या वेळेला त्यातला पारा बघतात. नव्या माणसाला ते कोंबड्यांचं खुराडं वाटतं. एका पाहुण्याने तर अंडी कशी दिली म्हणून विचारलं होतं.

हर्षदने कॉलेजात शिकताना याच पेटीत डोकं घातलं होतं. त्यानंतर कधी नाही. पुढे पुण्यात आकडे आपोआप संगणकावर येत. उपग्रहावरून येत, समुद्रातल्या तरंगत्या यंत्रांवरून येत, परदेशातून येत. असं उठून, चालत जाऊन, दार उघडून आकडा बघायचा म्हणजे त्याला जरा हसूच आलं.

त्याने दार उघडलं. काचेवर धूळ होती. माळावरची धूळ, ती कुठे बसत नाही? पाऱ्याची रेघ काही दिसेना. मग त्याने तापमापक हुकावरून काढला, काच आणि खालचा पाऱ्याचा फुगा अंगठ्याने नीट पुसला, फुगा मुठीत धरला, आणि उजेडाकडे करून वाचला.

“एकोणतीस!” तो ओरडला.

आतून फोडणीचा आवाज आला. मग बाईंचा.

“किती?”

“एकोणतीस!”

“उठल्यावर मी बघितलं तेव्हा चोवीस होतं. परत बघ.”

त्याने परत बघितलं. तोंड जवळ नेऊन, डोळे बारीक करून.

“तीसच्या वर गेलंय, बाई. एकतीस होतंय.”

“ऊन पडलंय का?”

“नाही. ढग आहेत.”

“वारा?”

“चांगला सुटलाय. गार आहे.”

“आणि तापमान चढतंय.”

“चढतंय.”

“का रे?”

दुसरा कुणी असता तर त्याने स्वतःच्या हाताकडे बघितलं असतं. पण हा डॉक्टर होता. ‘का’ म्हणून विचारलं की त्याच्या डोक्यात पश्चिम महाराष्ट्राचा सबंध नकाशा उघडायचा. आणि खोटं कशाला बोलू, शिकवायला लागला की हर्षद सुंदर शिकवतो.

“असं बघा बाई,” तो म्हणाला. बाई उलथनं हातात घेऊनच बाहेर आल्या होत्या. “हा वारा समुद्रावरून येतो. सह्याद्री चढताना त्याचा सगळा ओलावा पाऊस होऊन पडून जातो. मग तो कोरडा झालेला वारा डोंगर उतरून आपल्याकडे येतो. उतरताना त्याच्यावर दाब वाढतो. हवा दाबली की तापते, सायकलचा पंप कसा तापतो, तसं. वरचा एखादा थर नेमका आत्ता इथे खाली उतरला असेल, तर ढग असूनसुद्धा तापमान असं झपाट्याने चढू शकतं. दर वेळी होत नाही हे. पण होतं. तशी उदाहरणं आहेत.”

त्याचा चेहरा उजळला होता. दोन दिवसांत पहिल्यांदा.

“छान सांगितलंस,” बाई म्हणाल्या. आणि त्या मनापासून म्हणाल्या. “आता किती आहे?”

“तेहेतीस! बाई, हे नोंदवून ठेवायला पाहिजे.”

बाईंनी उलथनं खाली केलं.

त्या त्याच्या मुठीकडे बघत राहिल्या.

हर्षदही मग तिकडे बघायला लागला. मुठीतून काचेची कांडी वर आली होती आणि पारा होता तिथे चढून बसला होता. वाऱ्याने त्याच्या सदऱ्याची बाही फडफडत होती. वारा गारच होता. त्यानेच तसं सांगितलं होतं, आत्ताच.

“हे…” तो म्हणाला.

“हं.”

“हे माझं आहे.”

“काय तुझं?”

“तापमान. माझ्या हाताचं.”

“आणि हवेचं किती?”

हर्षदने उघड्या पेटीकडे बघितलं.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

हे शब्द त्याने फार दिवसांनी उच्चारले असावेत. त्याचे कान लाल झाले.

“टांग ते जागेवर.”

त्याने टांगलं. तिथेच उभा राहून बघत राहिला. पारा काही खाली येईना.

“उतरत नाहीये, बाई.”

“नाक लावून उभा आहेस त्याच्यासमोर. श्वास सोडतोयस त्याच्यावर. दार लाव आणि मागे सर.”

तो एक पाऊल मागे सरला.

“अजून.”

तो शेवग्याच्या झाडापर्यंत मागे गेला.

“इथून दिसत नाही काही.”

“दिसायची घाई काय आहे?”

“मग वाचायचं कसं?”

“पुढे जायचं, बघायचं, मागे यायचं. तिथे मुक्काम करायचा नाही.”

दोघं उभे राहिले. शेवग्याचा पाला सळसळत होता. डोक्यावरून ढग चालले होते, एकामागून एक, पूर्वेकडे, कुणालाच काही न विचारता. बराच वेळ गेला. मुठीचा घाम हर्षदने पँटला पुसला. सकाळपासून आपण मूठ आवळूनच हिंडतोय, हे त्याला तेव्हा कळलं.

“जा आता,” बाई म्हणाल्या.

तो गेला. श्वास रोखून दार उघडलं, वाचलं, लावलं, मागे आला.

“पंचवीस,” तो म्हणाला. “पंचवीसला जरा कमी.”

“हां.”

आणि मग त्याला हसू फुटलं. आधी थोडं, मग आवरेना इतकं. सह्याद्री काय, सायकलचा पंप काय! त्याने पेटीच्या पायाला धरलं आणि हसत सुटला. बाईही हसल्या, पण उलथनं धरून, बेताने. भाकरी करपायची त्यांना काळजी होती.

फोडणीच्या भाकरीची ताटली मांडीवर घेऊन तो ओसरीवर बसला. भूक नाही म्हणणाऱ्याने पहिला घास केवढा घेतला, ते बाईंनी पाहिलं आणि वाडग्यातलं दही त्याच्याकडे सरकवलं.

“आता वर्गाचं सांग.”

“सांगितलं की मघाशी.”

“ते तेहेतीस होतं.”

हर्षदचा घास हातात राहिला.

“नुसतं बघितलेलं सांग,” बाई म्हणाल्या. “तुला काय वाटलं, ते राहू दे.”

त्याने विचार केला. त्याला ते सोपं गेलं नाही. दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबला. शेवटी हळू आवाजात, एकेक आठवत सांगायला लागला.

“एक मुलगा खिडकीशी बसला होता. बाहेर बघत होता.”

“बाहेर काय होतं?”

“मैदान. कंपाउंड. आणि…”

तो थांबला.

“आणि ढग होते,” तो म्हणाला. “मी पडद्यावर ढगांचे प्रकार दाखवत होतो. चित्रं नीट दिसावीत म्हणून खिडक्या झाकून घेतल्या होत्या. आणि तो पोरगा…”

त्याने अंगणावरून चाललेल्या ढगांकडे बघितलं. बाई गवारीची टोपली घेऊन पुन्हा बसल्या होत्या.

“पहिल्या बाकावरची मुलगी?”

“जांभया देत होती. वैष्णवी जानकर. हजेरीला सगळ्यांनी आपापलं नाव-गाव सांगितलं ना, तेव्हा तिने डोंगराकडची कुठली तरी वाडी सांगितली होती. तिथून सकाळची एकच एसटी आहे. ती धरायची म्हणजे अंधारात निघावं लागत असणार.” तो ताटलीत बघत म्हणाला, “आणि तरी पहिल्या बाकावर बसली.”

“मी काही म्हटलं नाही हं.”

“नाही, तुम्ही काही म्हटलं नाही.”

“मग शंका विचारा म्हणालास.”

“म्हणालो.”

“कसं म्हणालास? म्हण बरं तसंच.”

हर्षदने घसा साफ केला. पाठ ताठ केली. हनुवटी वर केली.

“एनी डाउट्स?” तो म्हणाला.

ओसरीवर ते असं काही घुमलं की शेवग्यावरचा कावळा उडून गेला. बाईंनी पदर तोंडाला लावला. हर्षदने कपाळावर हात मारून घेतला.

“मीसुद्धा नसतं काही विचारलं,” तो म्हणाला.

“मग घंटा झाली.”

“घंटा झाली. आणि ते बसून राहिले. शेजारच्या वर्गातली पोरं ओरडत बाहेर पडली, ती व्हरांड्यात दिसत होती. ही मात्र बसून. मी फळा पुसला, वायरी गुंडाळल्या, पिशवी भरली. तरी बसून.” तो जरा थांबला. “मी निघालो, मग उठले.”

“का बसले असतील?”

हर्षदने ताटलीतला शेवटचा तुकडा दह्यात बुडवला.

“माहीत नाही, बाई.”

या वेळी त्याचे कान लाल झाले नाहीत. उलट हे म्हणताना त्याच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. मुलांना तास आवडला, असं काही सिद्ध झालेलं नव्हतं. नावडला, असंही नाही. कुणी त्याचा अपमान केला होता, याला पुरावा म्हणून त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं, आणि त्याचं त्याला इतकं बरं वाटलं की त्याने आणखी भाकरी मागून घेतली.

“तुमच्या पहिल्या तासाला काय झालं होतं, बाई?”

“कोण जाणे. मी सबंध तास फळ्याकडे तोंड करून शिकवलं.”

“खरंच?”

“पृथ्वीचा गोल काढला, त्याच्यावर वाऱ्यांचे पट्टे काढले, रंगीत खडूने रंगवले. वळायची हिंमत होईना. वळले तेव्हा पोरं निघून गेली होती आणि शिपाई दार लावायला आला होता. तो म्हणाला, बाई, चित्र झ्याक आलंय.”

हर्षद पुन्हा हसायला लागला. नेमका तेव्हाच त्याचा फोन वाजला.

त्याने नाव बघितलं. बाईंनी बघितलं नाही. त्या शेंगा मोडत होत्या. फोन वाजत राहिला. पुण्याची कंपनी, खिडकीजवळची खुर्ची, महिन्याच्या महिन्याला पगार, आणि समोर संगणक, जो जांभया देत नाही. तो हातात फोन घेऊन उठला, उघड्या अंगणात गेला, आणि मग त्याने तो घेतला.

“हॅलो… हो, मीच बोलतोय… नाही… नाही, पगाराचा प्रश्न नाही हो. मनापासून आभारी आहे… नाही, तसं नक्की काहीच नाही इथे. उद्या कळेल, विषय चालू राहतोय की नाही… हो, म्हणजे उद्या काम नसेलही… तरी नाही.”

फोन ठेवून तो तसाच उभा राहिला. वाऱ्याने त्याचे केस विस्कटले होते. त्याला वाटलं होतं, नकार दिल्यावर पश्चात्ताप होईल. तो झाला नाही. उलट मोकळं मोकळं वाटलं. सकाळी ज्या रस्त्याने तो आला होता, त्या रस्त्याकडेच्या एखाद्या झाडाखाली पडावं आणि भरदिवसा झोपावं, असं वाटलं.

परत येऊन त्याने ताटली विसळून ठेवली. बाईंच्या पायांना हात लावला. बाईंनी डोक्यावर हात ठेवला, तो गवारीचा वास लागलेला.

“उद्या काय शिकवणार आहेस?”

“ठरवलं नाही. आधी खिडक्या उघडतो. त्या वैष्णवीला विचारतो, एसटीतून येताना वर काय दिसलं.”

“चांगलं आहे.”

तो निघाला. फाटकापाशी मोटारसायकल होती. किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. विचारल्याशिवाय त्याला राहवणार नाही, हे बाईंना ठाऊक असावं. त्या हात पुसत मागोमाग आल्या होत्या.

“बाई, वीस मुलं नाही राहिली तर?”

“जेवढी राहतील तेवढ्यांना शिकव.”

“कॉलेज वर्ग बंद करेल.”

“माझं अंगण मोठं आहे.”

“एकच आला तर?”

“एकाचा चहा करायला मला बरं.”

तो हसला. पण भीतीचा एक एवढासा तुकडा कुठेतरी मागे राहिला होता, तोही त्याला इथेच टाकून जायचा होता. त्याने गाडीच्या आरशाकडे बघत विचारलं,

“आणि कुणीच नाही थांबलं तर?”

बाईंनी फाटकाची कडी लावली. त्याच्याकडे नीट, डोळे भरून बघितलं…

“तू थांबलास ना?”